हाच तो देवदत्त : झाकलेलं पिस्तूल आणि ओळखीचा पुरावा

स्वत्व, अस्मिता, आत्मभान असे भारदस्त शब्द आपण या मालिकेत पुष्कळ वापरले. आज ते थोडे बाजूला ठेवू आणि तोच विषय एका सरकारी खिडकीपाशी नेऊन उभा करू. खिडकी अमेरिकेतली आहे, व्हर्जिनिया राज्यातल्या सर्किट कोर्टाच्या क्लार्कची. समोरच्या अर्जदाराला 'कन्सील्ड हँडगन परमिट' हवं आहे. म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर कपड्यांखाली, लोकांना दिसणार नाही असं बाळगण्याचा परवाना. क्लार्क अर्ज हातात घेतो आणि म्हणतो, "ओळखपत्र?"

एवढ्याशा शब्दात काय विचारलं जातं आणि काय विचारलं जात नाही, हा आजचा विषय. आपल्या श्रोत्यांपैकी बरीच मंडळी तिकडे राहतात, त्यांना यातला व्यवहार उपयोगी पडेल. इकडच्या मंडळींना वाटेल, आपल्याला काय त्याचं? पण आज अशी कुठलीच खिडकी उरलेली नाही जिथं आपल्याला "तुम्ही कोण?" असं विचारत नाहीत. सिमकार्डापासून सदनिकेच्या नोंदणीपर्यंत सगळीकडे तोच प्रश्न. पिस्तुलाच्या खिडकीवर मात्र त्याची किंमत जिवाची असते, म्हणून तिथं तो जास्त स्पष्ट दिसतो.

नियम काय आहे

आधी नियम नीट समजून घेऊ. अमेरिकेत झाकलेल्या शस्त्राचा परवाना ही राज्याची बाब आहे आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. व्हर्जिनियात अर्जदाराचं वय २१ किंवा जास्त हवं. तो ज्या काउंटीत किंवा शहरात राहतो, तिथल्या सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे अर्ज करायचा. तिथं किती दिवस राहतो याची अट नाही. काल राहायला आला असेल तरी चालतं. अर्ज शपथेवर असतो, त्यात जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती दिली तर तो खोट्या शपथेचा गुन्हा होतो. हँडगन चालवण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा जोडावा लागतो. सगळी फी मिळून ५० डॉलरच्या वर नेता येत नाही. परवाना ५ वर्षांचा असतो. कोर्टानं ४५ दिवसांत निकाल दिला नाही, तर क्लार्कनं अर्जावर तसा शेरा मारून द्यायचा, आणि तो शेरा मारलेला अर्जच ९० दिवस तात्पुरता परवाना म्हणून चालतो.

आता ओळखीचं कलम. अर्जदारानं एक, फक्त एक, वैध फोटो ओळखपत्र दाखवायचं. ते व्हर्जिनिया राज्याच्या एखाद्या सरकारी खात्यानं दिलेलं असावं, म्हणजे बहुधा ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र. नाहीतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं, म्हणजे लष्करी ओळखपत्र. नाहीतर परराष्ट्र खात्याचं, म्हणजे अमेरिकी पासपोर्ट. आणि पुढचं वाक्य फार महत्त्वाचं आहे बरं का. कायदा क्लार्कला आणि कोर्टाला बजावतो, की या कलमानुसार अर्जावर जे मागण्याची मुभा आहे त्यापलीकडे कुठलीही माहिती किंवा कागद मागायचा नाही. लाईट बिल आणा, शेजाऱ्याचं पत्र आणा, दोन फोटो आणा, असं काहीही नाही. बोटांचे ठसेही नाहीत. २०१२ पर्यंत स्थानिक संस्थांना हवं तर ठसे मागता येत; मग ती मुभाही काढून घेतली.

राज्याबाहेरच्या माणसाला मात्र वेगळा न्याय. त्यानं अर्ज राज्य पोलिसांकडे करायचा आणि त्याच्याकडून फोटो आणि बोटांचे ठसे दोन्ही घेतले जातात. कोलोरॅडोत परवाना शेरीफ देतो आणि तिथं स्थानिक रहिवाशालाही ठसे द्यावे लागतात. उलट व्हर्मॉन्टमध्ये असा परवाना कधी नव्हताच. आणि २०२४ पर्यंत २९ राज्यं अशी झाली होती, जिथं कायद्यानं शस्त्र बाळगू शकणाऱ्या प्रौढाला ते झाकून नेण्यासाठी परवानाच लागत नाही. म्हणजे एकाच देशात एकीकडे दहा बोटांचे ठसे आणि दुसरीकडे साधं "नाव काय तुमचं?" सुद्धा नाही.

झाकलेलं आणि उघडं

एक गंमत पाहा. व्हर्जिनियात पिस्तूल कमरेला उघड लटकवून फिरायला सर्वसाधारणपणे परवाना लागत नाही. तेच पिस्तूल कोटाखाली गेलं की लागतो. शस्त्र तेच, माणूस तोच. मग फरक कशाचा?

फरक इतरांना काय कळतं याचा. शस्त्र उघडं असलं की रस्त्यावरचा प्रत्येक जण पाहू शकतो आणि आपापला निर्णय घेऊ शकतो. लांब उभं राहायचं, दुकानात जायचं नाही, पोलिसाला सांगायचं. झाकलं की हा सगळा अंदाज इतरांकडून काढून घेतला जातो. इतरांना जे कळणार नाही ते निदान कुणातरी एकाला माहीत असावं, या विचारातून परवाना येतो. समाजाच्या वतीनं कोर्ट म्हणतं, "तुम्हाला दिसणार नाही, पण आम्हाला माहीत आहे कोण आहे तो." आता 'कोण' हे माहीत असायचं तर ओळख पटवणं ओघानंच आलं.

म्हणूनच ओळखपत्राचं काम अर्जाच्या दिवशी संपत नाही. व्हर्जिनियाच्या रहिवाशाला कोर्टाकडून जो परवाना मिळतो त्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख, उंची, वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, सही असं वर्णन असतं. फोटोची अट त्यात नाही. म्हणून शस्त्र झाकून नेताना परवाना जवळ बाळगायचा, आणि पोलिसानं मागितला तर परवाना आणि सरकारी फोटो ओळखपत्र दोन्ही दाखवायची, असा नियम आहे. परवाना सांगतो, 'अमुक माणसाला मुभा आहे.' ओळखपत्र सांगतं, 'तो अमुक म्हणजे हाच.' एकट्या कागदानं भागत नाही.

एका प्रश्नात दोन प्रश्न

आता आपल्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. "तुम्ही कोण?" या प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असतात आणि आपण ते नेहमी एकमेकांत मिसळतो.

पहिला प्रश्न : कागदोपत्री ज्याची नोंद आहे, तोच माणूस तुम्ही आहात का? आपल्याकडच्या दर्शनग्रंथांत यासाठी देवदत्ताचं उदाहरण येतं. कुठंतरी पूर्वी पाहिलेला देवदत्त आज दुसरीकडे दिसतो आणि आपण म्हणतो, 'हाच तो देवदत्त.' याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ओळख पटणं. यात देवदत्त चांगला की वाईट, शहाणा की मूर्ख, याबद्दल एक अक्षरही नाही. तेव्हाचा तो आणि आताचा हा एकच, एवढाच दावा.

दुसरा प्रश्न : तुम्ही कशा प्रकारचे माणूस आहात? रागीट की शांत, जबाबदार की बेफिकीर? हा स्वभावाचा प्रश्न.

मराठीत दोन्हींना 'ओळख' हाच शब्द आहे, हेही ध्यानात घ्या. 'बँकेत ओळख लागते' यातली ओळख पहिली. 'आमची त्यांची तीस वर्षांची ओळख आहे' यातली दुसरी. शब्द एक असला की विचारात घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.

फोटो ओळखपत्र फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. मग उपयोग काय त्याचा? उपयोग मोठा आहे. जॉन लॉकनं आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण नव्यानं घातलं, त्यात तो म्हणतो की 'व्यक्ती' ही कल्पना मुळात न्यायव्यवहाराची आहे. केलेल्या कृत्याचा जाब ज्याला विचारता येतो ती व्यक्ती. कालचं कृत्य आणि आजचा माणूस यांची गाठ बांधता आली नाही तर जबाबदारी या शब्दाला अर्थच उरत नाही. क्लार्कच्या खिडकीवर नेमकी ही गाठ बांधली जाते. मागच्या बाजूला, या माणसाच्या नावावर पूर्वीची शिक्षा, मनाई हुकूम असं काही आहे का ते शोधता येतं. पुढच्या बाजूला, उद्या काही घडलं तर जाब कुणाला विचारायचा ते ठरतं. ओळखपत्र हा धागा आहे. धाग्याच्या टोकाला काय बांधलंय, ही निराळी गोष्ट.

कार्ड म्हणजे कुणाची तरी साक्ष

हा धागा कशाचा बनतो? आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदवायला गेलात तर ओळख देणारे साक्षीदार लागतात. ते सांगतात, "होय, आम्ही यांना ओळखतो, हेच ते." ही खरी मूळ पद्धत. फोटो ओळखपत्र म्हणजे त्या साक्षीदाराचीच जागा घेणारा कागद. फोटो आणि चेहरा जुळवणं हे क्लार्कचं प्रत्यक्ष. पण फोटोखालचं नाव खरं आहे हे तो पाहू शकत नाही, तिथं तो कार्ड देणाऱ्या खात्याच्या शब्दावर विसंबतो. नैयायिकांच्या भाषेत ते शब्दप्रमाण, आणि शब्दप्रमाण किती खरं हे बोलणारा किती विश्वासू यावर ठरतं. म्हणूनच व्हर्जिनियाचा कायदा कार्ड कुणी दिलं यावर एवढा भर देतो. क्लबचं कार्ड नको, कंपनीचं नको. ज्याच्या शब्दाची जबाबदारी राज्य घेऊ शकतं, अशांचंच हवं.

बोटाचा ठसा याहून वेगळा. तिथं मधला साक्षीदार गळतो आणि शरीरच बोलतं. हा ठसा सरकारदरबारी आला त्यात भारताचा वाटा मोठा आहे. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या मालाचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. उद्या 'ही सही माझी नव्हेच' असं त्यानं म्हणू नये, म्हणून. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथं ठशांचं वर्गीकरण बसवण्यात मोठं काम केलं; नाव मात्र लागलं वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांचं. १९०१ मध्ये ती पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोहोचली आणि तिथून जगभर गेली. आपल्या जुन्या कागदांवरची 'निशाणी डावा अंगठा' आणि कोलोरॅडोतल्या शेरीफच्या टेबलावरचा ठसा हे एकाच घराण्यातले.

ठशाचा एक उपयोग तर नेमका उलट्या दिशेचा आहे. अमेरिकेत दुकानातून बंदूक घेताना केंद्र सरकारच्या संगणकीय यंत्रणेत नावाची तपासणी होते. ही यंत्रणा १९९८ पासून चालू आहे. एखाद्याचं नाव आणि जन्मतारीख कुणा गुन्हेगाराशी मिळतीजुळती असली की दर वेळी त्याची खरेदी अडकते. अशा माणसाला स्वतःहून आपले ठसे देऊन एक कायमचा क्रमांक मिळवता येतो, म्हणजे पुढच्या तपासणीत तो त्या दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. 'हाच तो' सिद्ध करायला जन्मलेला ठसा इथं 'हा तो नव्हे' सिद्ध करायला कामी येतो.

ओळख पटली, पण

एवढं सगळं झालं की माणसाला वाटतं, ओळख कडक केली म्हणजे धोका टळला. इथंच थांबायला हवं. व्हर्जिनियातलीच घटना घेऊ.

१६ एप्रिल २००७. ब्लॅक्सबर्ग गावी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात तिथल्याच एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना गोळ्या घालून मारलं आणि स्वतःला संपवलं. गेलेल्यांत एक विद्यार्थिनी मुंबईची होती. आपल्यातल्या अनेकांनी त्या रात्री टीव्हीसमोर बसून तिथल्या ओळखीच्यांना फोन लावले असतील.

त्या विद्यार्थ्याकडे झाकून बाळगायचा परवाना नव्हता, आजच्या विषयाच्या काटेकोर कक्षेत ही घटना येत नाही. पण त्यानं दोन पिस्तुलं विकत घेतली होती, आणि त्यासाठी ओळख आणि पार्श्वभूमी यांची तपासणी दोन्ही वेळा झाली होती. त्यानं खोटं नाव सांगितलं नाही. ओळखपत्र दुसऱ्याचं नव्हतं. 'हाच तो' हे वाक्य शंभर टक्के खरं होतं.

चूक कुठं होती? डिसेंबर २००५ मध्ये एका विशेष न्यायाधीशानं तो मानसिक आजारामुळे स्वतःच्या जिवाला धोका आहे असं ठरवून बाह्यरुग्ण म्हणून उपचार घ्यायचा हुकूम दिला होता. केंद्राच्या कायद्याप्रमाणे असा ठराव झालेल्या माणसाला बंदूक विकायला नको होती. पण व्हर्जिनियात तेव्हा रुग्णालयात सक्तीनं दाखल केलेल्यांची नोंद पुढे जाई, बाह्यरुग्णांची जात नसे. त्यामुळे दुकानदारानं नाव टाकलं तेव्हा यंत्रणेत काहीच नव्हतं. धागा शाबूत होता, पण त्याच्या टोकाला काही बांधलेलंच नव्हतं.

पुढे काय झालं तेही पाहा. त्याच एप्रिलच्या अखेरीस राज्यपाल टिम केन यांनी आदेश काढून अशा बाह्यरुग्ण हुकमांचीही नोंद तपासणी यंत्रणेत घ्यायला लावली. जानेवारी २००८ मध्ये राज्यांकडून नोंदी नीट याव्यात यासाठी केंद्राचा कायदा झाला. यात कुठंही 'आणखी एक ओळखपत्र मागा' असं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. दुसरं, तिसरं, दहावं ओळखपत्र मागितलं असतं तरी ते तेच सांगणार होतं : हाच तो.

सरकारी व्यवहारात आपण नेहमी उलटं करतो. काही आक्रीत घडलं की कागदांची यादी वाढवतो. कारण कागद मागणं सोपं असतं, ते खिडकीवरच्या कारकुनावर ढकलता येतं. दोन खात्यांच्या नोंदी एकमेकांशी जुळवणं अवघड असतं, कंटाळवाणं असतं, आणि ते केल्याचं कुणाला दिसतही नाही.

स्वभाव कोण तपासणार

आता कुणी विचारेल, सर, मग दुसऱ्या प्रश्नाचं काय? माणूस कसा आहे हे कुणी पाहायचंच नाही का?

पाहायला हवं. पण कुठं आणि कसं, हा मुद्दा आहे. न्यूयॉर्कचं उदाहरण घेऊ. तिथं १९११ च्या सुलिव्हन कायद्यापासून परवान्याची पद्धत आहे. घराबाहेर झाकून शस्त्र न्यायचं तर अनेक दशकं 'योग्य कारण' दाखवावं लागे, आणि कारण योग्य की अयोग्य हे परवाना देणारा अधिकारी ठरवी. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'ब्रूएन' खटल्यात ही अट घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीविरुद्ध ठरवून रद्द केली. मग राज्यानं लगेच नवा कायदा केला. त्यात चार जणांनी अर्जदाराच्या चारित्र्याची ग्वाही द्यायची, प्रत्यक्ष मुलाखत द्यायची आणि मागच्या तीन वर्षांतल्या सोशल मीडिया खात्यांची यादी द्यायची, अशा अटी घातल्या. यातली शेवटची अट अपील न्यायालयानं रोखली.

तिची अडचण काय होती पाहा. वरवर ती ओळखीची माहिती वाटते : तुमचं नाव, तुमचा पत्ता, तुमची खाती. पण खात्याचं नाव विचारण्यामागे हेतू असतो तिथं काय लिहिता ते वाचण्याचा. म्हणजे पहिल्या प्रश्नाच्या रकान्यात दुसरा प्रश्न घुसवलेला. आणि तो विचारणारा अधिकारी आपल्याला काय खटकलं हे मनातल्या मनात ठरवणार. राज्यावर टीका करणारं एखादं वाक्यही त्याला खटकू शकतं.

याउलट व्हर्जिनियाच्या कायद्यात स्वभावाच्या प्रश्नाला वेगळी, उघडी जागा आहे. अर्जदार शस्त्राचा बेकायदा किंवा निष्काळजी वापर करून इतरांना धोक्यात आणण्याची शक्यता आहे असं कोर्टाला वाटलं तर परवाना नाकारता येतो. पण ते अर्जदाराच्या विशिष्ट कृत्यांवरून, पुराव्यानं ठरावं लागतं. शेरीफ, पोलीसप्रमुख किंवा सरकारी वकील तसं लेखी आणि शपथेवर कोर्टाला कळवू शकतात. नकार मिळाला तर अर्जदाराला २१ दिवसांत तोंडी सुनावणी मागता येते. थोडक्यात, "हा माणूस मला बरा वाटत नाही" असं खिडकीआडून म्हणता येत नाही. ज्याला म्हणायचं असेल त्यानं शपथ घ्यावी, कृत्य सांगावं, आणि समोरच्याला उत्तर देण्याची संधी द्यावी.

आमच्या मते दोन्ही प्रश्नांचा योग्य विभाग हाच. ओळखीचा प्रश्न सोपा, एकच कागद मागणारा, पण पक्का असावा. धोक्याचा प्रश्न जड असावा, आणि जो तो उपस्थित करील त्याच्यावर पुराव्याचा भार असावा. कुणाला व्हर्जिनियाचा एकंदर कायदा फार सैल वाटेल, कुणाला फार कडक. २१ वर्षं वय पुरेसं आहे का, प्रशिक्षण किती तासांचं हवं, याबद्दल खुशाल वाद घालावा. पण तो त्या प्रश्नांवर घालावा. ओळखपत्राच्या आडून घालू नये.

परवानाच ओळखपत्र होतो तेव्हा

चाक कसं उलटं फिरतं तेही पाहू. टेक्सासमध्ये २०११ साली मतदानासाठी फोटो ओळखपत्राचा कायदा झाला. मान्य ओळखपत्रांच्या यादीत झाकलेल्या हँडगनचा परवाना होता. विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र नव्हतं, सरकारी विद्यापीठाचंसुद्धा नाही. यावर खूप टीका झाली, खटले झाले. २०१६ मध्ये अपील न्यायालयानं या कायद्याचा परिणाम भेदभाव करणारा आहे असं म्हटलं आणि पुढच्या वर्षी राज्याला त्यात बदल करावे लागले.

यादी करणाऱ्यांचा युक्तिवाद असा की शस्त्राचा परवाना राज्य स्वतः तपासून देतं, म्हणून त्याचा शब्द विश्वासू. शब्दप्रमाणाच्या कसोटीवर ते चुकीचं नाही. पण ओळखपत्रांची यादी करणं म्हणजे कुणाचा शब्द मानायचा हे ठरवणं, आणि ज्यांच्याकडे तो कागद असण्याचा संभव कमी त्यांना बाहेर ठेवणंही. ओळखपत्र स्वतः निःपक्षपाती असेल. त्यांची यादी क्वचितच असते. हक्क बजावण्याच्या कुठल्याही खिडकीवर, मग तो मताचा असो की शस्त्राचा, हे लक्षात ठेवायला हवं.

आपल्या मंडळींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी

व्हर्जिनियात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी आता थोडं स्पष्ट बोलू.

पहिली गोष्ट. ड्रायव्हिंग लायसन्स आहे म्हणजे परवान्याला पात्र आहोत असं समजू नका. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला राज्याचं लायसन्स मिळतं. पण परदेशी नागरिकांपैकी ज्याला कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे ग्रीन कार्ड आहे, त्यालाच हा परवाना मिळू शकतो. शिवाय केंद्राचा कायदा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला काही थोडे अपवाद सोडून बंदूक जवळ बाळगूच देत नाही. तुम्ही कोण हे लायसन्स सांगेल. तुम्ही पात्र की अपात्र हा पुढचा प्रश्न.

दुसरी गोष्ट. ग्रीन कार्ड देतं अंतर्गत सुरक्षा खातं. वर सांगितलेल्या तीन प्रकारांत ते बसत नाही, भारतीय पासपोर्टही बसत नाही. ग्रीन कार्डधारकानं दाखवायचं ते व्हर्जिनियाचं लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र.

तिसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. तिकडच्या अर्जात पहिलं, मधलं, शेवटचं. कुणाच्या पासपोर्टवर वडलांचं नाव पहिल्या नावाला चिकटून येतं, लायसन्सवर ते गळतं. लग्नानंतर काही घरांत मुलीचं आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलतात. एक नाव शाळेच्या दाखल्यावर, दुसरं सासरच्या कागदांवर. रोमन लिपीत 'श्री' कुणी एका स्वरानं लिहितो, कुणी दोन. आपल्याला ही सगळी नावं आपलीच वाटतात, नोंदींच्या यंत्रणेला ती निरनिराळी माणसं वाटू शकतात. रहिवाशाचे ठसे घेतले जात नाहीत, तिथं शोध मुख्यतः नाव आणि जन्मतारखेवरच चालतो. म्हणून अर्जावर नाव लायसन्सप्रमाणेच, अक्षर न अक्षर, लिहावं. तफावत असेल तर आधी लायसन्स दुरुस्त करून घ्यावं. आणि पूर्वीचं नाव विचारलं तर लपवू नये. अर्ज शपथेवरचा असतो, हे विसरू नका.

चौथी गोष्ट. कायद्याची कलमं बदलत राहतात. अर्ज करण्याआधी आपल्या क्लार्ककडचा त्या वेळचा अर्ज आणि सूचना वाचाव्यात; आमचं व्याख्यान दाखवून काम होणार नाही.

शेवटी

सारांश असा. खिडकीवरचं ओळखपत्र 'हाच तो' एवढंच सांगतं. हे थोडं नाही. याच्यावाचून जबाबदारी उभी राहत नाही. पण ते याहून जास्तही काही सांगत नाही. त्याच्याकडून जास्त अपेक्षा केली की दोन तऱ्हेनं फसगत होते. एक, कार्ड पाहिलं म्हणून आपण निर्धास्त होतो आणि नोंदींचं खरं काम राहून जातं. त्याची किंमत ब्लॅक्सबर्गनं मोजली. दोन, ओळखीच्या नावाखाली अधिकारी आपल्या मनाचा, मतांचा तपास करू लागतो, आणि त्याला आपण उत्तरही देऊ शकत नाही.

उद्या कुठल्याही खिडकीवर कुणी "ओळखपत्र?" असं म्हणालं, तर द्या काढून. मात्र पुढचा कागद मागितला की मनाशी विचारा, हा 'हाच तो' साठी आहे की 'हा कसा' साठी? दुसऱ्यासाठी असेल, तर ते कोण ठरवणार, कशावरून ठरवणार आणि आपलं म्हणणं कुठं ऐकलं जाणार, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

पुढच्या वेळी आपण शब्दप्रमाणाचाच धागा पुढे नेऊ : साक्षीदारावर विश्वास ठेवणं म्हणजे नेमकं काय करणं? तोवर नमस्कार.